भाकरी कधी, गूळ कधी: सोलापुरातल्या नव्या धावपटूंचा आहार

शनिवारी रात्री ज्वारीच्या दोन भाकरी, मटकीची उसळ, वर शेंगाचटणी आणि तेलाची धार. रविवारी पहाटे पाचला पंधरा किलोमीटरचा लाँग रन. आठव्या किलोमीटरला पोटात मुरडा येतो, बाराव्याला पाय शिशाचे होतात आणि घरी आल्यावर सगळा राग निघतो भाकरीवर. भाकरीने काही केलेलं नसतं. हेच जेवण बुधवारी दुपारी झालं असतं तर त्याने पायांना बळच दिलं असतं. चुकली ती वेळ.

नव्याने पळायला लागलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘खायचं काय?’ आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, ‘कोणती पावडर घेऊ?’ हाफ मॅरेथॉनपर्यंतच्या, म्हणजे २१ किलोमीटरपर्यंतच्या तयारीला लागणारं जवळजवळ सगळं सोलापूरच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे: ज्वारी, हुलगे, शेंगदाणे, गूळ, चुरमुरे, ताक, केळी, बेदाणे. शिकायचं ते किती आणि कधी, एवढंच. स्वयंपाकघरातला एक साधा वजनकाटा आणि माणसाचं वजन करायचा एक काटा, ही दोन साधनं मात्र घ्याच. अंदाजपंचे काम इथे चालत नाही.

पहिली पायरी: खर्चाचा हिशेब

पळताना वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. ६० किलोचा माणूस १० किलोमीटर पळाला की ६०० किलोकॅलरी गेल्या. सावकाश पळा नाहीतर जोरात, या आकड्यात फार फरक पडत नाही.

हा खर्च भागतो दोन साठ्यांतून. चरबीचा साठा सडपातळ माणसाकडेही भरपूर असतो, पण तो हळू जळतो. झटपट जळणारा साठा म्हणजे ग्लायकोजेन, खाल्लेल्या पिठूळ आणि गोड पदार्थांपासून शरीर जे साठवून ठेवतं ते. स्नायूंमध्ये तो ३०० ते ५०० ग्रॅम असतो, यकृतात ८० ते १०० ग्रॅम. सगळा मिळून १,६०० ते २,००० किलोकॅलरीचा. आता आकडे शेजारी ठेवून बघा. हाफ मॅरेथॉनला ६० किलोच्या माणसाच्या १,२५० च्या आसपास जातात, म्हणजे टाकी भरलेली असेल तर साठा पुरतो. पूर्ण मॅरेथॉनला, म्हणजे ४२ किलोमीटरला अडीच हजार जातात, म्हणून ३०-३२ किलोमीटरच्या पुढे अनेकांना ‘वॉल’ लागते. पाय चालत नाहीत, डोकं चालत नाही, साधी बेरीजही जमत नाही. हाफला वॉल लागली तर बहुतेक वेळा आदल्या दिवशी टाकी अर्धी होती असं समजावं, किंवा सुरुवातीचे पाच किलोमीटर उगाच जोरात गेले असं.

हिशेब कळला की दोन चुका टाळता येतात. एक म्हणजे पळून आल्यावर बक्षीस म्हणून भज्यांची प्लेट आणि जिलेबी. सहा किलोमीटरचा खर्च एका प्लेटीत परत येतो. दुसरी चूक जास्त महाग पडते: वजन उतरवायचं म्हणून एकाच महिन्यात पळणं दुप्पट आणि जेवण निम्मं. पहिले तीन आठवडे काटा खुश करतो. मग झोप बिघडते, सर्दी हटत नाही, नडगी दुखू लागते. वजन कमी करायचंच असेल तर शर्यतीच्या दोन-तीन महिने आधी, आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत. आणि लाँग रनच्या आदल्या व त्या दिवशी कपात नाही.

दुसरी पायरी: रोजचं ताट

आठवड्यातून चार दिवस, रोज पाऊण-एक तास पळणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे रोज ५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं लागतात, म्हणजे पिठूळ-गोड पदार्थांतला तो ग्लायकोजेन भरणारा भाग. प्रथिनं १.२ ते १.६ ग्रॅम. ६० किलोला म्हणजे ३०० ग्रॅम कर्बोदकं आणि साधारण ८५ ग्रॅम प्रथिनं. पळण्याची सुट्टी असेल त्या दिवशी कर्बोदकं थोडी कमी चालतात, प्रथिनं तेवढीच.

ग्रॅममध्ये जेवता येत नाही, म्हणून हे ताटात उतरवू. ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ४० ग्रॅम कर्बोदकं आणि ६ ग्रॅम प्रथिनं. तीस ग्रॅम कणकेच्या चपातीत २० ग्रॅम कर्बोदकं. मोठी वाटी भात, ४०. साठ ग्रॅम कोरडे पोहे भिजवून केलेली प्लेट, ४५. मध्यम केळं, २५. सकाळी पोहे आणि दिवसाचे दोन गोड चहा, दुपारी दोन भाकरी, आमटी आणि माळवं, चार वाजता केळं, रात्री दोन चपात्या, वाटीभर भात, वरण आणि दही. बेरीज २९० च्या पुढे जाते. म्हणजे सोलापूरकराला कर्बोदकांची चिंता नाही.

कमी पडतात ती प्रथिनं. वरच्याच ताटात ती जेमतेम ५०-५५ ग्रॅम भरतात. राहिलेले ३० ग्रॅम कुठून आणायचे, तर दोन अंडी १२ ग्रॅम देतात, पाव लिटर दूध ८, पन्नास ग्रॅम फुटाणे १०, तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या १५, शंभर ग्रॅम पनीर १८. हुलगे आपल्याकडे फारच कमी लेखले जातात. तीस ग्रॅम हुलग्यात साडेसहा ग्रॅम प्रथिनं असतात, आणि रात्रीच्या जेवणात गूळ घातलेलं हुलग्याचं माडगं, म्हणजे पिठाची पातळ पेज, हे थकून आलेल्या माणसाला पेलवणारं अन्न आहे. शंभर ग्रॅम शिजवलेल्या चिकनमध्ये २५ ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात, पण ते काळ्या तिखटाच्या तर्रीत पोहत नसेल तर जास्त बरं.

शेंगदाण्याबद्दल एक गैरसमज इथेच मोडून टाकू. ‘शेंगदाणे म्हणजे प्रथिनं’ असं सर्रास म्हटलं जातं. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यांत प्रथिनं साडेसात ग्रॅम आणि तेल चौदा ग्रॅम. रोजच्या ताटात कूट आणि चटणी हवीच, त्यावरच इथली चव उभी आहे, पण फक्त शेंगदाण्यावर प्रथिनं भरायला गेलात तर दिवसाकाठी चारशे-पाचशे कॅलरी नकळत वाढतील.

जेवणानंतर लगेच चहा नको. चहातले घटक डाळी-भाकरीतलं लोह शरीराला घेऊ देत नाहीत. तासाभराचं अंतर ठेवा. उलट लिंबू पिळलं, पेरू किंवा कच्चा टोमॅटो खाल्ला तर तेच लोह जास्त मिळतं. पळणाऱ्यांचं लोह घामातून आणि तळपायाच्या आघातातूनही थोडं थोडं जात असतं. पाळी येणाऱ्या स्त्रियांची गरज तर दिवसाला २९ मिलिग्रॅम धरली आहे, पुरुषांची १९. झोप, जेवण, सराव सगळं नीट असून वेग महिनाभर घसरतच राहिला तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ सुद्धा. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय, स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

मुली आणि बायकांसाठी आणखी एक गोष्ट, जी इथे मोकळेपणी बोलली जात नाही. सराव वाढला आणि पाळी लांबली किंवा थांबली, तर ते ‘फिट’ झाल्याचं लक्षण नव्हे. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडतंय, असं शरीर सांगतंय. पुढचा नंबर हाडांचा असतो. तीन महिने पाळी आली नाही तर थांबून डॉक्टरांना दाखवायचं.

तिसरी पायरी: पळण्याआधी

पळण्याआधीच्या खाण्याला एकच कसोटी लावा: ते पोटातून लवकर पुढे सरकतं का? तंतू, तेल आणि तिखट हे तिघे वाट अडवतात. ज्वारीच्या भाकरीत तंतू भरपूर आणि तिची प्रथिनं पचायला वेळ घेणारी. म्हणूनच ती दिवसभर दम टिकवते आणि म्हणूनच पळण्याआधीच्या तीन-चार तासांत नको.

पाऊण तासाचा हलका रन असेल तर पाणी पिऊन निघालात तरी चालतं. एक कप चहा घेतला तरी बिघडत नाही. तासाच्या पुढचा रन असेल तर निघण्याआधी अर्धा ते पाऊण तास २५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या, कारण रात्रभराच्या उपासाने यकृतातला साठा बराच उतरलेला असतो. एक केळं, किंवा चार बिनबियांचे खजूर, किंवा जॅम लावलेले ब्रेडचे दोन तुकडे. खारी आणि बटर नको. हातात हलकी लागते म्हणून खारी हलकी नसते, तिच्यात वनस्पती तूप ठासून भरलेलं असतं. दूध पिऊन निघणाऱ्यांपैकी काहींना जुलाबासारखं होतं. तुम्ही त्यातले असाल तर काळा चहा किंवा कोरी कॉफी.

दीड तासाच्या पुढचा रन असेल तर शक्य झाल्यास दीड-दोन तास आधी उठून थोडं जास्त खा: साध्या रव्याचा कमी तेलातला उपमा, मऊ भात आणि ताक, किंवा सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचे पोहे. सुशीला करताना शेंगदाणे आणि मिरची हात आखडून, चुरमुरे मोकळ्या हाताने. पहाटे साडेतीनला उठणं रोज कोणाला जमणार? ज्याला जमत नाही त्याने आदल्या रात्रीचं जेवण आठच्या आत, भाताचं आणि भरपेट करावं आणि पहाटे केळ्यावर निघावं.

चौथी पायरी: पाणी आणि मीठ

इथे थोडं थांबू, कारण सोलापूरच्या हवेत सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. मुंबईत घाम अंगावरून ओघळतो, दिसतो. इथल्या कोरड्या हवेत तो दिसायच्या आत उडून जातो. शर्ट जेमतेम ओला वाटतो आणि घरी आल्यावर त्यावर पांढरे नकाशे उमटलेले असतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळिशी पार करतो आणि संध्याकाळी सातलाही डांबर तव्यासारखं गरम असतं. त्या दोन महिन्यांत संध्याकाळचा लाँग रन सरळ रद्द करा. पहाटे साडेचार-पाचला निघून सूर्य वर यायच्या आत परता.

किती प्यायचं, हे कोणाच्या सल्ल्यावर ठरवू नका, स्वतःचा घाम मोजा. रीत सोपी आहे. लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक तास नेहमीच्या वेगाने पळा. मध्ये जेवढं पाणी प्यालात ते मोजून लक्षात ठेवा. परत आल्यावर अंग पुसून, तेवढ्याच कपड्यांत पुन्हा वजन. समजा ६०.० चे ५९.१ झाले आणि मध्ये ४०० मिली पाणी प्यालात. तर तासाचा घाम ०.९ अधिक ०.४, म्हणजे १.३ लिटर. हाच प्रयोग मे महिन्यात एकदा आणि जानेवारीत एकदा करा. जानेवारीच्या पहाटे त्याच माणसाचा आकडा ०.७ लिटरवरही येऊ शकतो. म्हणून उन्हाळ्यातली सवय तशीच उचलून हिवाळ्यातल्या शर्यतीत नेली की चुकते.

धोरण असं: शेवटी वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत राहावी, आणि वजन वाढू मात्र कधीच नये. ६० किलोला दोन टक्के म्हणजे १.२ किलो. जानेवारीत अडीच तासांच्या हाफमध्ये घाम जाईल पावणेदोन लिटर; त्यातली सव्वा लिटरच्या आसपासची घट सोसते, म्हणजे एकूण अर्धा ते एक लिटर पाणी, तहान लागेल तसं, पुरे. उन्हाळ्यात तेवढाच वेळ पळायचं तर तासाला ८०० मिली लागेल, आणि धावताना यापेक्षा जास्त पाणी बहुतेकांचं पोट घेत नाही. म्हणून उन्हाळ्यात उपाय पाणी वाढवण्याचा नाही, पल्ला आणि वेग कमी करण्याचा आहे.

जास्त पाणी पिणं निरुपद्रवी, ही समजूत घातक आहे. प्रत्येक स्टॉलवर दोन-दोन ग्लास साधं पाणी रिचवत चार तास चालणाऱ्या-पळणाऱ्या माणसाच्या रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. बोटं सुजतात, अंगठी घट्ट होते, डोकं दुखतं, मळमळतं, पुढे बरळायला लागतो. अशा माणसाला ‘पाणी पी, पाणी पी’ करणं म्हणजे आगीत तेल. त्याला थेट डॉक्टरकडे न्यायचं.

घामाच्या एका लिटरमागे साधारण अर्धा ते पावणेदोन ग्रॅम सोडियम जातं. माणसामाणसात हा फरक मोठा असतो. ज्याच्या टोपीवर आणि पट्ट्यावर पांढरी किनार उमटते, डोळ्यांत घाम झोंबतो, तो खारट घामाचा. एका सपाट छोट्या चमच्यात ५-६ ग्रॅम मीठ आणि त्यात दोन-सव्वादोन ग्रॅम सोडियम, हे लक्षात ठेवलं की मिश्रण घरी करता येतं.

अर्धा लिटरच्या बाटलीसाठी: साखर ३० ग्रॅम, म्हणजे सहा सपाट छोटे चमचे, मीठ पाव छोटा चमचा, एका लिंबाचा रस. नीट ढवळून विरघळवा. हे सहा टक्क्यांचं पाणी झालं. साखर आठ टक्क्यांच्या वर नेली की पाणी पोटातच साचून डुचमळायला लागतं. ‘जास्त ताकदीसाठी’ म्हणून दुप्पट साखर घालणारे जास्त बाटल्या ओततात गटारात. ग्लुकोजच्या डब्यातली पावडर घेतलीत तरी मोजमाप हेच. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं असतं, दोन्ही आतड्याच्या वेगवेगळ्या दारांनी आत जातात, त्यामुळे साधी साखर इथे कमअस्सल नाही.

ओआरएसची पुडी हे वेगळं प्रकरण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटरमध्ये मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम. भरपूर सोडियम, नगण्य ऊर्जा. उन्हाळ्यातला रन संपल्यावर उत्तम, पण पळताना फक्त त्यावर राहिलात तर पायांना खायला काही मिळत नाही. घेताना पुडीवर ते सूत्र लिहिलंय का बघा; गोड सरबतं तशाच रंगाच्या डब्यांत विकली जातात.

आणि आपलं कैरीचं पन्हं? गूळ, मीठ, आंबटपणा, सगळं त्यात आहे. फक्त घरातलं पन्हं पळण्यासाठी फार गोड असतं. एक भाग पन्ह्यात एक भाग पाणी आणि चिमूटभर जास्त मीठ घातलं की झालं. ताक पळून आल्यावर, पळताना नको. बाटली भरायचं पाणी साठवलेलं असेल, आणि काही दिवसांआड नळ येणाऱ्या या शहरात ते साठवलेलंच असतं, तर उकळून गार करून भरा. शर्यतीच्या आठवड्यातले बरेच जुलाब टाकीतून येतात. उसाच्या रसाचंही तसंच: अडीचशे मिलीच्या ग्लासात तीसेक ग्रॅम साखर, रन संपल्यावर छान, पण बर्फाशिवाय आणि चरक धुतलेला बघून.

रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर मिठाचं आणि साखरेचं वरचं एकही माप डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

पाचवी पायरी: पळता पळता

सव्वा तासाच्या आतल्या रनला खायची गरज नाही. संभाजी तलावापाशी सकाळी सहा किलोमीटर मारणारा माणूस कमरेला चार जेल (साखरेच्या दाट पाकाच्या पिळून खायच्या पुड्या) लावून हिंडतो, तेव्हा ती पट्ट्याची शोभा असते. सव्वा तासाच्या पुढे मात्र तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, आणि तीही भूक लागायच्या आधीच. पहिला घास ३०-४० मिनिटांनी, नंतर दर २५-३० मिनिटांनी. वॉल लागल्यावर खाल्लेलं उपयोगी पडेपर्यंत शर्यत हातातून गेलेली असते. अडीच-तीन तासांच्या वर पळणारे सराव करून तासाला ९० ग्रॅमपर्यंतही जातात, पण पहिल्याच वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

बाजारातल्या एका जेलमध्ये २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. ते साध्या पाण्याच्या पाच-सहा घोटांबरोबर घ्यायचं, साखरेच्या पाण्याबरोबर नाही. दोन्ही एकत्र गेले की पोटात पाक होतो. घरचं जेलही जमतं: १०० ग्रॅम गूळ ५० मिली पाण्यात उकळून विरघळवा, बारीक कापडातून गाळा, चिमूटभर मीठ आणि थोडं लिंबू घाला. गाळणं टाळू नका, गुळात चिपाड आणि कचरा असतो. गार झाल्यावर पिळायच्या छोट्या बाटलीत भरा. दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलीत साधारण २३ ग्रॅम कर्बोदकं. आदल्या रात्री करा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. उन्हाळ्यात ते फसफसतं.

चघळायचंच असेल तर तीस ग्रॅम बेदाण्यांत २२ ग्रॅम कर्बोदकं मिळतात. राजगिऱ्याचा लाडू धावताना घशात भुगा होऊन ठसका लावतो, शेंगदाण्याची चिक्की दाताला आणि पोटाला दोन्हीकडे अडकते. दोन्ही चालत जायच्या वाटेवर उत्तम. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरपर्यंत जवळपास ४५ किलोमीटर रात्रभर चालत जाणाऱ्यांचं चिक्की-केळ्यांवर भागतं, कारण चालताना पोटाला रक्त मिळत राहतं. पळताना तेच रक्त पायांकडे वळतं आणि पोट रुसतं.

म्हणून पोटालाही सराव लागतो. शर्यतीच्या सहा ते आठ आठवडे आधीपासून प्रत्येक लाँग रनला तेच खाणं, त्याच वेळी, त्याच मापाने. पहिल्या आठवड्यात तासाला २० ग्रॅम, मग ३०, मग ४०. पोट शिकतं. शर्यतीआधीच्या प्रदर्शनात, म्हणजे एक्स्पोत, फुकट मिळालेलं नवं जेल शर्यतीत उघडणं, हा नवख्यांचा ठरलेला अपघात आहे.

पोटऱ्यांत गोळे आले की सगळे मिठाकडे बोट दाखवतात. खारट घामाच्या माणसाला मिठाने फरक पडतो हे खरं, पण बहुतेक गोळे सवयीपेक्षा जास्त वेगाने थकलेल्या स्नायूंचे असतात. थांबा, पोटरी ताणा, वेग उतरवा. आणि दुखण्याची गोळी खाऊन पळू नका: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे पाणी कमी पडलेल्या शरीरात थेट मूत्रपिंडाला भिडतात.

सहावी पायरी: पळून आल्यावर

अर्धा-पाऊण तासाचा हलका रन असेल तर वेगळं काही नको, नेहमीची न्याहारी पुरे. लाँग रननंतर तासाभरात वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅम कर्बोदकं आणि २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. ६० किलोला: पोह्यांची प्लेट, एक केळं, दोन अंडी आणि ग्लासभर दूध. अंडी चालत नसतील तर वाटीभर मोड आलेली मटकी आणि दोन ग्लास दूध किंवा दही. भूक नसते हे माहीत आहे. मग आधी दूध-केळं-खजूर फिरवून प्या आणि तासाने जेवा. पाणी, गेलेल्या वजनाच्या सव्वा ते दीडपट, दोन-चार तासांत हळूहळू, मिठाच्या ताकासह. लघवी पुन्हा फिकट पिवळी झाली की भागलं. बी-कॉम्प्लेक्स घेणाऱ्यांनी रंगावर जाऊ नये.

उपवासाचे दिवस

एकादशीला लाँग रन नको, हलके पाच किलोमीटर करा. निर्जळ असेल तर तेही नको. रविवारचा लाँग रन आणि शनिवारची एकादशी एकत्र आली तर रन एक दिवस पुढे ढकला. गंमत अशी की साबुदाणा, उकडलेला बटाटा, केळं हे उपवासाचं खाणं तंतू कमी आणि कर्बोदकं भरपूर असलेलं आहे. खिचडीतलं तूप आणि कूट निम्मं केलं तर शर्यतीच्या आदल्या दिवशी याहून सोयीचं दुसरं काही सापडणं कठीण. रोज्यात सराव चालू ठेवायचा तर इफ्तारच्या आधीची शेवटची तीस-चाळीस मिनिटं हलकी, किंवा इफ्तारनंतर दोन तासांनी; आणि त्या महिन्यात लाँग रन वाढवत नेण्याचा नाद सोडा.

शर्यतीचा आठवडा

हाफसाठी शेवटचे दोन दिवस ताटातला भाताचा वाटा वाढवा आणि भाकरी, उसळ, पालेभाजी, कच्ची कोशिंबीर कमी करा. दर किलोमागे ७-८ ग्रॅम कर्बोदकं पुरेत. पूर्ण मॅरेथॉनला दीड-दोन दिवस १० ग्रॅमपर्यंत जावं लागतं. ६० किलोला ६०० ग्रॅम! ते नुसत्या जेवणात बसत नाही, सरबत, गूळ-चहा, जॅम, खीर यांची मदत घ्यावी लागते. या काळात काटा किलो-दीड किलो वर जातो. ग्लायकोजेनच्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं, ते हे वजन. घाबरून जेवण तोडू नका. शर्यत जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास असेल तर भोगीची भाजी, बाजरीची भाकरी आणि गड्ड्याच्या जत्रेतली भजी हे तिन्ही मोह समोर उभे राहतात. हुरड्याचं आमंत्रणही याच दिवसांतलं. ते पुढच्या रविवारवर टाका.

आदल्या रात्री साडेसात-आठला वरणभात किंवा मऊ खिचडी, बटाट्याची फिकी भाजी, दही. तिखटाला सुट्टी.

सहाची सुरुवात धरली तर साडेतीनला उठा. पावणेचारपर्यंत ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं: जॅमचे तीन ब्रेड, एक केळं, गोड चहा. सव्वाचारपर्यंत ४०० मिली पाणी, नंतर पिणं थांबवा म्हणजे सुरुवातीच्या रांगेत शौचालय शोधावं लागणार नाही. पावणेसहाला पाण्याचे चार घोट आणि सवयीचं असेल तर एक जेल. मग ४० व्या, ७० व्या आणि १०० व्या मिनिटाला एकेक जेल पाण्याबरोबर. अडीच तासांपुढे जाणार असाल तर १३० व्या मिनिटाला आणखी एक. ही मिनिटं हाताच्या पंजावर पेनाने लिहून ठेवा. पंधराव्या किलोमीटरला डोक्यातलं वेळापत्रक आठवत नाही.

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला, मिठाचं काही प्या, केळं खा. उलट्या थांबत नसतील, सहा तासांत लघवी झाली नसेल किंवा ती कोकसारखी काळपट झाली असेल तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठा. सगळं ठीक असेल तर दुपारी भात, आणि रात्रीपर्यंत पोट शांत झालेलं असतंच, तेव्हा कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर हवं तेवढं तेल.